मानमोडीचें विस्मरण

पुण्यांतील एखाद्या सुशिक्षित कुटुंबांत १८९७ सालीं काय घडलें असा प्रश्न विचारला, तर उत्तर मिळण्यास विलंब लागत नाहीं. प्लेग, गोऱ्या शिपायांनीं घेतलेल्या घरांच्या झडत्या, रँडसाहेब, चाफेकर बंधु, गणेशखिंडीचा रस्ता आणि २२ जूनची ती रात्र ही सर्व मालिका शाळेंत जाणाऱ्या मुलालाहि ठाऊक असते. त्याच कुटुंबांत १९१८ सालच्या आश्विन महिन्यांत काय घडलें असें विचारावें, म्हणजे मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. कोणी पहिलें महायुद्ध संपत आल्याचें सांगतो, कोणी त्या वर्षींच्या अवर्षणाचा उल्लेख करतो. पण त्या महिन्यांत आपल्या घरांतलें कोण गेलें, या प्रश्नाला बहुधा उत्तर येत नाहीं.

वास्तविक त्या आश्विनाच्या आगेंमागें या देशावर जी आपत्ति कोसळली, तिच्या तोडीची दुसरी आपत्ति आधुनिक काळाच्या नोंदींत सांपडणें कठीण. इन्फ्ल्युएंझाच्या त्या साथीनें हिंदुस्थानांत घेतलेल्या बळींची संख्या निरनिराळे अभ्यासक १ कोट २० लाखांपासून १ कोट ८० लाखांपर्यंत धरतात. प्लेगला जेवढीं माणसें न्यावयास वीस-पंचवीस वर्षें लागलीं, तेवढीं, किंबहुना त्यांहून अधिक, या तापानें कांहीं महिन्यांत नेलीं. मराठी मुलखांत लोकांनीं त्याला 'मानमोडी' असें अन्वर्थक नांवहि दिलें होतें. नांव होतें, मृत्यु घरोघर होते, आणि तरीहि थोड्याच पिढ्यांत ती साथ आपल्या बोलण्यांतून जवळजवळ नाहींशी झाली. हें कसें घडलें, आणि अशा विसरण्यांत आधुनिक जीवनाचा वांटा किती, याचा विचार करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. हा विचार केवळ इतिहासाच्या आवडीखातर करावयाचा नाहीं. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपण सर्वांनीं जें पाहिलें, तें आपल्या नातवंडांना ठाऊक राहील कीं नाहीं, हा प्रश्न त्याच्याशीं निगडित आहे.

दोन साथी

प्लेग मुंबईंत उघडकीस आला तो १८९६ च्या सप्टेंबरांत, मांडवी भागांत. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं तो ओळखला. पुढच्या वर्षीं फेब्रुवारींत सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला, आणि पुण्यांत जी कारवाई झाली तिची हकीकत सर्वश्रुत आहे. सोंवळ्याओंवळ्याची पर्वा न करतां शिपाई देवघरापर्यंत शिरले, रोग्यांना घरांतून काढून इस्पितळांत नेण्यांत आलें, घरांतील चीजवस्तु बाहेर काढून जाळण्यांत आल्या. लोक गांव सोडून शिवारांत झोंपड्या बांधून राहिले. १० मार्च १८९७ रोजीं सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें निवर्तल्या. जूनमध्यें रँडवर गोळी झाडली गेली, आणि १८ एप्रिल १८९८ रोजीं दामोदर हरि चाफेकर येरवड्यास फांसावर गेले.

मानमोडीची चाल अगदीं निराळी. १९१८ च्या जूनमध्यें मुंबईच्या पोलीस शिपायांत तिचीं पहिलीं चिन्हें दिसलीं. त्यांतील एक शिपाई गोदीवर पहाऱ्यास होता. युद्धावरून परत येणाऱ्या जहाजांतून ती आली असावी असें मानतात. ही पहिली लाट त्या मानानें सौम्य होती. दुसरी लाट सप्टेंबरांत उसळली आणि आगगाडीच्या मार्गानें देशाच्या अंतर्भागांत पसरली. त्या वर्षीं पावसानें दगा दिलेला, धान्य महागलेलें; अर्धपोटीं असलेल्या माणसांना हा ताप झेंपला नाहीं. ६ ऑक्टोबर रोजीं एकट्या मुंबई शहरांत ७६८ मृत्यु नोंदले गेले. पितृपक्ष नुकताच संपून नवरात्र बसलें होतें. मुंबई इलाख्यांतील बळींचा अंदाज दहा लाखांच्या वर जातो.

नेहमींच्या तापांत म्हातारीं माणसें आणि तान्हीं मुलें जातात. या तापानें मात्र वीस ते चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसांना गांठलें, आणि आपल्या देशांत पुरुषांपेक्षां स्त्रिया त्याला अधिक बळी पडल्या. याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. घरांत रोग्याच्या उशाशीं बसणारी तीच, सर्वांच्या मागून उरलेंसुरलें जेवणारी तीच, आणि स्वतः अंथरूण धरण्यास फुरसत नसलेलीहि तीच. वर्ष संपेपर्यंत साथीचा मुख्य जोर ओसरला.

या सबंध हकीकतींत झडती नाहीं, खून नाहीं, खटला नाहीं. प्लेगच्या वेळीं हात पोळलेल्या सरकारनें या खेपेस लोकांच्या घरांत शिरण्याचें नांव काढलें नाहीं. औषध आणि दूध पोंचविण्याचें पुष्कळसें काम स्वयंसेवकांनीं आणि निरनिराळ्या ज्ञातींच्या संस्थांनीं केलें. माणसें आपापल्या घरांत अंथरुणावर पडलीं आणि तेथेंच गेलीं. जें दुःख एकाच वेळीं सर्वांच्या घरीं येतें, तें सांगावयास शेजारी जाण्याचें कारण उरत नाहीं. शेजाऱ्याच्याहि घरांत तेंच चाललेलें असतें.

आठवणीस काय लागतें?

मोरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानें १९२५ सालीं स्मृतीच्या सामाजिक चौकटींवर एक ग्रंथ लिहिला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं मनुष्य एकटा असा कधींच आठवत नाहीं. कुटुंब, धर्म, वर्ग, गांव अशा कोणत्या तरी समूहाच्या चौकटींत बसवून तो आपल्या आठवणी जपतो. चौकट मोडली कीं आठवणहि निसटते. हाल्बवाक्स पुढें १९४५ सालीं नाझींच्या बुखेनवाल्ड येथील छावणींत मृत्यु पावला. त्याचा सिद्धांत मात्र आपल्या या दोन साथींना तंतोतंत लागू पडतो.

१८९७ च्या प्लेगला राष्ट्रीय चळवळीची चौकट मिळाली. त्यांत एक प्रतिपक्षी होता, वीर होते, एक दिवस होता आणि एक रस्ता होता. पुढें त्यावर व्याख्यानें झालीं, पाठ्यपुस्तकांत धडे आले, १९७९ सालीं '२२ जून १८९७' या नांवाचा चित्रपट निघाला. सूक्ष्म विचार केला तर असें दिसेल, कीं आपल्याला आठवतो तो रँड. प्लेग त्याच्या आधारानें आठवतो. रँड गेल्यानंतरहि प्लेग वर्षानुवर्षें राहिला आणि पुढच्या कित्येक हिंवाळ्यांत त्यानें त्याहून अधिक माणसें नेलीं. त्या वर्षांचें, त्या माणसांचें स्मरण कोणास आहे? त्यांच्या मृत्यूला कथा लाभली नाहीं, म्हणून तींहि मानमोडीच्या माणसांप्रमाणेंच विस्मृतींत गेलीं.

राष्ट्राच्या चौकटीहून जुनी अशी आणखी एक चौकट आपल्याकडे होती. पटकीची साथ आली कीं खेडेगांव तिला मरीआईचा कोप समजे. शिवेवर तिचें ठाणें असे आणि आषाढांत तिचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेला जाई. फोडांच्या रोगाला तर आपण 'देवी' याच नांवानें ओळखीत आलों. दक्षिणेंत कोइमतूर येथें प्लेग-मरियम्मन या नांवाचें देऊळ आहे, आणि त्याच शहराजवळ २०२१ सालीं करोनादेवीच्या मूर्तीची स्थापनाहि झाली. सुशिक्षित वाचकाला यावर हंसूं येणें स्वाभाविक आहे. देवीच्या कोपानें रोग होत नाहीं हें उघड आहे, आणि लस टोंचण्याऐवजीं नवस करणाऱ्यांचें समर्थन करण्याचा येथें मुळींच हेतु नाहीं. परंतु शिवेवरच्या त्या शेंदूर फांसलेल्या दगडानें एक काम निश्चित केलें. वर्षांतून एकदां सारा गांव त्याच्यापुढें येऊन उभा राहत असे, आणि म्हातारी माणसें तरुणांना सांगत, कीं अमुक वर्षीं ही आई कोपली तेव्हां या आळींत दिवा लावावयास कोणी उरलें नव्हतें.

मानमोडी आली ती या दोन युगांच्या मधल्या फटींत. शहरांतला सुशिक्षित वर्ग जुन्या देवतांपासून दूर सरला होता. म्हणून तिला ठाणें मिळालें नाहीं. नवीन विज्ञानापाशींहि तिचें उत्तर नव्हतें. माणसाच्या इन्फ्ल्युएंझाचा विषाणु शास्त्रज्ञांच्या हातीं लागला तो १९३३ सालीं, म्हणजे साथीनंतर तब्बल पंधरा वर्षांनीं. देवीहि नाहीं आणि जंतूहि नाहीं, शत्रूहि नाहीं आणि वीरहि नाहीं, अशा मृत्यूची गोष्ट सांगावयाची तरी कशी?

घरानें काय राखलें?

राष्ट्र विसरलें तरी घरानें आठवण ठेवावी अशी आपली अपेक्षा असते. आपल्या घरांत तशी सोयहि होती. पण तिला मर्यादा होत्या, त्या लक्षांत घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट पत्रांची. पोस्टकार्डाच्या काळांत दुरच्या मृत्यूची वार्ता कार्डावरून येई, आणि असें अशुभ पत्र घरांत ठेवावयाचें नाहीं, वाचून लगेच फाडून टाकावयाचें, अशी सार्वत्रिक चाल होती. जमाखर्चाच्या वह्या, लग्नाच्या याद्या, दानपत्रें, सनदा हीं सर्व आपण रुमालांत बांधून ठेवलीं, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्यांनीं गांवोगांव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरून तीं शोधूनहि काढलीं. १९१८ च्या आश्विन-कार्तिकांत जीं कार्डें घरोघर आलीं, तीं मात्र दारांतच फाटलीं. त्यांत कोण, कोठें, कशानें, मागें किती मुलें, हें सर्व लिहिलेलें होतें. मृत्यूची छाया घरावर पडूं नये म्हणून जें केलें, त्यानेंच मृताची शेवटची हकीकतहि गेली.

दुसरी गोष्ट श्राद्धाची. श्राद्धविधि हें स्मरणाचें एक फार विचारपूर्वक रचलेलें साधन आहे. बाप, आजा आणि पणजा या तिघांचीं नांवें गोत्रासह उच्चारलीं जातात. नवीन मृताचें सपिंडीकरण झालें कीं वरचा चौथा पुरुष त्या ओळींतून निघतो आणि लेपभागी होतो, म्हणजे त्याला स्वतंत्र पिंड राहत नाहीं. कोणाला किती काळ नांवानें आठवावयाचें आणि केव्हां मोकळें करावयाचें, याचा असा हिशेब आपल्या पूर्वजांनीं बसविला होता. ज्यांच्या तिथि ठाऊक नाहींत त्यांच्यासाठीं सर्वपित्री अमावास्या आहे, आणि सौभाग्यवती असतांना गेलेल्या स्त्रियांसाठीं भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे अविधवा नवमी, आहे. मानमोडीनें नेलेल्या तरुण स्त्रिया या नवमीच्याच अधिकारी होत. कांहीं घरांत पहिल्या पत्नीच्या नांवाचा चांदीचा टाक देव्हाऱ्यांत ठेवण्याचीहि चाल होती.

परंतु श्राद्धांत नांव उच्चारलें जातें, हकीकत सांगितली जात नाहीं. शिवाय पतीनें दुसरें लग्न केलें, नव्या संसारांत मुलें झालीं, कीं पहिलीच्या आठवणीचा उच्चार टाळणें हेंच सौजन्य ठरे. मौजीबंधनापूर्वीं गेलेल्या मुलांना तर श्राद्धाचाहि अधिकार नाहीं. म्हणजे या साथीनें जीं माणसें विशेषेंकरून नेलीं, त्या तरुण सुना आणि त्यांच्या कुशींतलीं मुलें, तीं घराच्या स्मरणव्यवस्थेंत सर्वांत कडेला होतीं. वाडा एकत्र नांदत होता तोंवर एखादी आत्याबाई पापड लाटतां लाटतां त्यांच्या गोष्टी सांगत असे. पुढें नोकरीनिमित्त मंडळी मुंबई, नागपूर, इंदूर, दिल्ली आणि पुढें परदेशींहि पांगली. वाड्याच्या जागीं सदनिका आल्या. पितृपक्षाचा विधि एका दिवसावर, आणि पुष्कळ घरांत एखाद्या संस्थेस पाठविलेल्या देणगीवर आला. आत्याबाई गेली, आणि तिचें ऐकणारींहि उरलीं नाहींत. हाल्बवाक्सची चौकट मोडते ती अशी, अगदीं निरुपद्रवी कारणांनीं, कोणाचाहि दोष नसतांना.

ज्या घराण्यांनीं आपले कुलवृत्तांत छापले आहेत, त्यांना येथें एक लहानसा प्रयोग सुचवावासा वाटतो. आपला कुलवृत्तांत उघडून मृत्यूच्या रकान्यांत शके १८४० हें साल शोधावें. १९१८ चा पावसाळा आणि हिंवाळा त्याच शकांत पडतो. भाद्रपदापासून कार्तिकापर्यंतच्या नोंदी आढळल्या, तर त्या माणसांचीं वयेंहि पाहावींत. आतांपर्यंत नुसती तिथि म्हणून वाचलेल्या ओळींचा अर्थ कित्येकांना तेव्हां प्रथमच कळेल.

आंकडे आणि रस्ते

घर विसरलें, पण सरकारी दप्तर विसरलें नाहीं. १९२१ च्या खानेसुमारींत साथीची खूण स्पष्ट उमटली. आजच्या भारताच्या हद्दींत १९११ सालीं २५ कोट २१ लाख माणसें होतीं. दहा वर्षांनीं तीं २५ कोट १३ लाख भरलीं. आपल्या खानेसुमारीच्या इतिहासांत लोकसंख्या घटल्याचें हें एकच दशक आहे, आणि म्हणूनच १९२१ या सालाला लोकसंख्याशास्त्रज्ञ 'महाविभाजनाचें वर्ष' म्हणतात. अभ्यासकांनीं बळींचे जे अंदाज केले ते या आणि अशाच नोंदींवरून. दप्तराची ही सेवा मोठी आहे. पण दप्तराला संख्या कळते, नांव कळत नाहीं. आणि संख्या ऐकून कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाहीं. दीड कोट माणसें गेलीं हें वाक्य आपण सहज वाचून पुढें जातों. आपली पणजी बाविसाव्या वर्षीं गेली आणि आजोबा त्या वेळीं आठ महिन्यांचे होते, असें कळलें तर हातांतलें पुस्तक खालीं ठेवतों.

ही अवस्था केवळ आपलीच नाहीं. अमेरिकेंत ही साथ लाखों माणसें घेऊन गेली, तरी आल्फ्रेड क्रॉस्बी या इतिहासकारानें तिच्यावर १९७६ सालीं जो ग्रंथ लिहिला, तो १९८९ सालीं पुन्हां छापतांना त्याच्या नांवांतच ही साथ अमेरिका विसरली आहे असें म्हणावें लागलें. ज्या देशांत मोटारी, वर्तमानपत्रें, दवाखाने आणि मृत्यूचीं नोंदणीपुस्तकें आपल्याहून कितीतरी अधिक होतीं, तेथेंहि हेंच घडलें. ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं युद्ध थांबलें आणि त्या आनंदाच्या मोठ्या अक्षरांखालीं साथीचीं लहान अक्षरें दडून गेलीं. बातमीचा स्वभावच असा आहे. ती कालच्या बातमीवर येऊन बसते.

आधुनिक नगराची आठवणहि अशीच मुकी असते. मुंबईंतील दादरची हिंदु कॉलनी अनेक वाचकांच्या परिचयाची असेल. कित्येकांचें बालपण तेथें गेलें असेल. प्लेगच्या हाहाकारानंतर १८९८ सालीं जो सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला, त्यानें दाट वस्तींतून हवेचे रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंगा बाजूला आंखीव वसाहती वसविल्या. हिंदु कॉलनी त्यांतलीच. म्हणजे तेथील झाडांची सांवली, खेळतें वारें आणि दोन इमारतींमधलें अंतर हें सर्व एका साथीनें मागें ठेवलेलें आहे. आपण त्या अंतरांतून रोज चालतों, पण तें कशासाठीं ठेवलें होतें हें सांगणारें तेथें कोणी नसतें. मानमोडीनें तर असा एखादा रस्ताहि मागें ठेवला नाहीं.

साठवण आणि स्मरण

आतां आपल्या काळाकडे वळूं. ९ मार्च २०२० रोजीं पुण्यांत महाराष्ट्रांतील पहिले करोनाचे रुग्ण आढळले, २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. सरकारनें त्या वेळीं ज्या कायद्याचा आधार घेतला, त्यांत तोच १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा होता. पुढच्या वर्षींच्या चैत्र-वैशाखांत जें घडलें तें सांगण्याची आवश्यकता नाहीं. प्राणवायूसाठीं धांवाधांव न पाहिलेलें घर विरळा. कोणाला वडिलांचें मुख शेवटचें पाहतां आलें नाहीं, कोणाच्या अस्थि महिनेच्या महिने स्मशानांत राहिल्या, कोणाचे दहावे-तेरावे दूरध्वनीच्या पडद्यावरून झाले.

या वेळीं साधनांची वाण नव्हती. प्रत्येकाच्या हातांत छायाचित्र घेणारें यंत्र होतें. निरोप, चित्रें, बोललेले शब्द, इस्पितळाचीं कागदपत्रें, सर्व कांहीं सांठून राहिलें आहे. मग मानमोडीसारखें विस्मरण आतां होणें शक्य नाहीं असें कोणी म्हणेल. परंतु साठवण निराळी आणि स्मरण निराळें. कोठारांत धान्य भरलें म्हणून जेवण झालें असें होत नाहीं. दूरध्वनींतील हजारों चित्रांतून तें एक चित्र काढून, मुलाला जवळ बसवून, "हे तुझे काका, ते त्या रात्रीं असें असें म्हणाले होते" असें सांगणारें माणूस लागतें. यंत्र बदललें, परवलीचा शब्द विसरला, कीं कोठाराचें दारहि उघडत नाहीं. आणि दार उघडें असलें तरी रोज येणाऱ्या नव्या चित्रांखालीं जुनें चित्र इतकें खोल जातें, कीं तें शोधण्याचें मनांतहि येत नाहीं. पूर्वीं कार्ड फाडल्यामुळें हकीकत गेली. आतां न फाडतांहि ती जाऊं शकते.

आंकड्यांच्या बाबतींत तर आपण आजोबा-पणजोबांच्याहि मागें पडलों. सरकारी नोंदीप्रमाणें भारतांत करोनाचे मृत्यु ५ लाख ३३ हजारांच्या घरांत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजांत पहिल्या दोन वर्षांतील अधिक मृत्यूंची संख्या ४७ लाख धरली, आणि भारत सरकारनें तो अंदाज अमान्य केला. या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु १९२१ सालीं ज्या खानेसुमारीनें मानमोडीचा हिशेब पुढें आणला, तिची नात म्हणावी अशी २०२१ ची खानेसुमारी साथीमुळें ठरल्या वेळीं होऊंच शकली नाहीं. १८८१ पासून दर दहा वर्षांनीं, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींतहि, होत आलेली ही गणना प्रथमच चुकली, आणि पुढें तिच्यासाठीं २०२७ हें साल ठरविण्यांत आलें. तेव्हां घरानें आपली नोंद ठेवण्याची निकड या खेपेस अधिकच आहे.

विस्मृति हें वरदान नव्हे काय?

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो उपेक्षणीय नाहीं. झालेलें दुःख उगाळीत बसण्यांत काय लाभ? काळ हें दुःखावरचें औषध आहे. १९१८ च्या विधुरांनीं आणि पोरक्या मुलांनीं विसरण्याची कला साधली म्हणूनच ते पुन्हां उभे राहिले, संसार मांडले, मुलें शिकविलीं. हें अगदीं खरें आहे. आपल्या धर्मशास्त्रानेंहि शोकाला मुदत घातली आहे. दहा दिवसांचें सुतक, तेराव्याचा गोडधोड, वर्षश्राद्ध आणि तीन पिढ्या, अशा पायऱ्यांनीं मृत मनुष्य हळूहळू दूर जातो. कोणी कायमचें शोकांत राहावें असें शास्त्राला मान्य नाहीं.

पण या पायऱ्यांकडे नीट पाहिलें तर त्यांतील मर्म लक्षांत येतें. प्रत्येक पायरीवर आधीं स्मरण आहे आणि मग सोडून देणें आहे. दहाव्याला पिंड दिल्यावर सुतक फिटतें. तीन पिढ्या नांव घेतल्यावर चौथा पुरुष मोकळा होतो. मानमोडीच्या मृतांना सोडून देण्यांत आलें, पण आधींचें स्मरण झालेंच नाहीं. एका घरांत चार दिवसांत तिघे गेले, तर कोणासाठीं रडावयाचें हें कळण्याच्या आधींच पुढची तयारी करावी लागली. न रडलेलें दुःख विस्मृतींत जातें, पण नाहींसें होत नाहीं. कारण न सांगतां तापाचें नांव काढतांच घाबरी होणारी आजी, मुलाला कोणाच्या घरीं पाणी पिऊं न देणारे आजोबा, कधींच उच्चारलें न जाणारें एखादें नांव, अशा रूपांनीं तें घरांत वावरत राहतें, आणि पुढच्यांना त्याचा उगम ठाऊक नसतो.

दुसरेंहि एक कारण आहे. प्लेगपासून आपण झडतीचा निषेध शिकलों, म्हणून मानमोडीच्या वेळीं सरकारचा हात आंखडला. मानमोडीपासून आपण कांहींच शिकलों नाहीं, कारण ती आपल्याला आठवत नव्हती. अशा तापांत लाट एकदां ओसरली म्हणजे संपली असें समजूं नये, दुसरी लाट पहिलीहून भयंकर असूं शकते, ही गोष्ट १९१८ च्या जून आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांनीं स्वच्छ सांगितली होती. २०२१ च्या आरंभीं साथ गेली असें मानून लग्नकार्यांत गर्दी करणाऱ्या आपल्यापैकीं कितीजणांच्या कानांवर घरांतून ती गोष्ट आली होती?

काय करतां येईल?

स्मारकें उभारणें, संग्रहालयें काढणें हीं कामें संस्थांचीं आहेत, आणि तीं व्हावींत. गृहस्थ आणि गृहिणींच्या हातीं जें आहे तें याहून सोपें आहे. येत्या पितृपक्षांत, विधि कोणत्याहि पद्धतीनें करा अथवा करूं नका, एक साधी वही घ्यावी. २०२० आणि २०२१ या सालांत आपल्या घरांतून, आळींतून, कामाच्या माणसांतून जीं गेलीं, त्यांचीं नांवें तींत लिहावीं. प्रत्येक नांवाखालीं चार गोष्टी असाव्या: तीं कोठें आणि कोणत्या दिवशीं गेलीं, शेवटीं त्यांच्याजवळ कोण होतें, कोणाला येतां आलें नाहीं, आणि त्यांच्यासाठीं परक्या म्हणविणाऱ्या कोणत्या माणसानें काय केलें. शेवटचा प्रश्न विसरूं नये. त्या दिवसांत पुष्कळांना अग्नि देणारे हात नात्यांतले नव्हते, आणि त्यांचींहि नांवें घरानें घ्यावयास हवींत. कुशींतलीं मुलें आणि लग्नाच्या मुलीहि या वहींतून वगळूं नयेत. श्राद्धाचे अधिकार वहीला लागू नाहींत.

वही कागदाचीच असावी, आणि वर्षांतून एकदां घरांतल्या मुलांच्या देखत मोठ्यानें वाचावी. जो त्या वेळीं पांच-सात वर्षांचा होता, त्याला आजोबा एकाएकीं कोठें गेले याचें कोडें अजून सुटलें नसेल. त्यानें प्रश्न विचारला तर त्याला गप्प बसवूं नये. मानमोडी प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें आतां या जगांत राहिलीं नाहींत. त्यांना विचारावयाचें राहून गेलें तें गेलें. करोना पाहिलेलीं माणसें मात्र अजून आपल्या घरांत, आपल्या शेजारीं बसलेलीं आहेत. त्यांतलीं कित्येक म्हातारीं झालीं आहेत. त्यांच्याकडून ऐकून घेण्याचा काळ हाच आहे.